काढ्यालाही परीक्षेला बसवा: जागतिक आरोग्य संघटनेला आणि देशोदेशींच्या आरोग्य मंत्रालयांना खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, जागतिक आरोग्य संघटना,
आणि सर्व सदस्य देशांचे आरोग्यमंत्री

विषय: जंतुसंसर्गावर दिल्या जाणाऱ्या वनौषधी आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू

महोदय,

सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय बैठकीत आपण सर्वांनी प्रतिजैविक-प्रतिरोधावरच्या राजकीय जाहीरनाम्याला संमती दिलीत. पुढे आठ महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, जागतिक आरोग्य सभेत पारंपरिक वैद्यकाचं २०२५ ते २०३४ असं दहा वर्षांचं धोरण मंजूर केलंत. पहिल्या कागदात आकडे आहेत. २०१९ साली प्रतिरोधाशी संबंधित मृत्यू सुमारे ४९.५ लाख होते. ते २०३० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करायचे. माणसांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के ‘अ‍ॅक्सेस’ गटातली, म्हणजे पहिल्या फळीची आणि प्रतिरोध वाढवण्याचा धोका तुलनेनं कमी असलेली असावीत. दुसऱ्या कागदात संकल्प आहे: पारंपरिक उपचारांसाठी पुरावा जमवायचा, त्यांची सुरक्षितता तपासायची, त्यांना आरोग्यसेवेत सामावून घ्यायचं.

या दोन्ही कागदांशी माझं भांडण नाही. माझी तक्रार त्या दोहोंच्या मध्ये राहून गेलेल्या माणसाबद्दल आहे. त्याला जंतुसंसर्ग झालेला आहे आणि त्यासाठी तो वनौषधी घेतो आहे. असे लोक थोडेथोडके नाहीत. आपल्याच माहितीप्रमाणे १९४ पैकी १७० सदस्य देशांनी आपल्याकडे पारंपरिक वैद्यक वापरात असल्याचं कळवलं आहे. तरीही जाहीरनाम्यातल्या आकडेवार उद्दिष्टांत वनौषधींबद्दल एकही उद्दिष्ट नाही. प्रतिजैविकांचा हिशेब एक खातं ठेवतं, वनौषधींचा दुसरं, आणि एकाच रुग्णाच्या पोटात दोन्ही औषधं एकत्र जातात तेव्हा ते बघणारं कोणी नसतं.

मी हे का लिहिते आहे ते सांगते. मी एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. लघवी, रक्त, थुंकी, जखमेतला पू असे नमुने आमच्याकडे येतात. त्यातले जंतू वाढवायचे, प्लेटवर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या चकतीभोवती जंतू वाढलेले नाहीत ते मोजायचं, हे आमचं काम. चकतीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ दिसलं तर रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’, नाही तर ‘रेझिस्टंट’. हल्ली अशा प्लेटा येतात की जंतू थेट चकत्यांच्या कडेपर्यंत पोचलेले असतात, एकीच्या नाही, जवळजवळ सगळ्यांच्या. मग वॉर्डातून डॉक्टरांचा फोन येतो: काहीतरी चालतंय का? कधी कधी मला कोलिस्टिनचं नाव सांगावं लागतं. मूत्रपिंडाला अपाय करतं म्हणून एके काळी जवळजवळ बाजूला ठेवलेलं हे जुनं औषध आता काही रुग्णांसाठी शेवटच्या उपायांपैकी एक होऊन बसलं आहे.

अशीच एक प्लेट माझ्या आईची होती. तिला लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असे. दर वेळी प्रतिजैविकाचा कोर्स, थोडे दिवस बरं, पुन्हा तेच. कंटाळून ती वनौषधींकडे वळली. ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांनी चूर्णाबद्दल विचारलं नाही आणि ज्यांनी चूर्ण दिलं त्यांनी गोळ्यांबद्दल विचारलं नाही. चूर्णाच्या डब्यावर वनस्पतींची नावं होती, प्रमाण नव्हतं. आणि ‘कोणतेही दुष्परिणाम नाहीत’ असं ठळक अक्षरांत छापलं होतं. थंडी वाजून ताप भरला तेव्हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला होता. प्लेटवरचा ई. कोलाय हा जंतू नेहमीच्या तोंडी औषधांपैकी बहुतेकांना दाद देत नव्हता. शिरेतून कार्बापेनेम गटातलं जोरदार प्रतिजैविक द्यावं लागलं तेव्हा ती सावरली.

त्या चूर्णानं घात केला असं मी म्हणत नाही. त्यानं आधीची काही दुखणी टाळलीही असतील. मला काहीच सिद्ध करता येत नाही, कारण ते चूर्ण कोणत्या जंतूवर, किती मात्रेत, किती दिवस चालतं आणि कोणत्या लक्षणांनंतर ते थांबवून रुग्णालय गाठायचं, हे कोणी तपासलेलंच नव्हतं. तपासायला कोणी सांगितलंही नव्हतं. ते सांगण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

पहिली तक्रार: संशोधन पहिल्याच पायरीवर थांबतं, आणि आपण त्यालाच पुरावा म्हणू देता

अमुक पानाच्या अर्कानं अमुक जंतू मेला, असे शोधनिबंध ढिगांनी छापले जातात. त्यातले बरेच प्रयोग माझ्यासारख्या प्रयोगशाळेतच होतात, म्हणून त्यातली खोट मला ठाऊक आहे. अर्कात बुडवलेली चकती प्लेटवर ठेवतात आणि वर्तुळ मोजतात. पण प्रतिजैविकाच्या चकतीत औषध किती मायक्रोग्रॅम आहे हे ठरलेलं असतं आणि किती मिलिमीटरच्या वर्तुळाचा अर्थ काय, याचे तक्ते असतात. अर्काच्या चकतीला असा कोणताही आधार नाही. शिवाय वनस्पतींतली तेलकट, पाण्यात न विरघळणारी द्रव्यं प्लेटमधून नीट पसरत नाहीत. त्यामुळे गुणकारी अर्क निरुपयोगी दिसू शकतो आणि सहज पसरणारा सामान्य अर्क जोरदार वाटू शकतो.

वर्तुळापेक्षा भरवशाचं माप म्हणजे जंतूची वाढ रोखणारी किमान मात्रा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध ज्या ई. कोलायवर चालतं, त्याला ते मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कितीतरी कमी मात्रेत रोखतं. वनस्पतींच्या अर्कांबाबत काही निबंध मिलिलिटरला कित्येक हजार मायक्रोग्रॅम लागले तरी ‘प्रभावी’ हा शब्द वापरतात. एवढी मात्रा रक्तात पोचवायची म्हटली तर जंतूच्या आधी रुग्णच संकटात येईल. अर्कासाठी मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या वरचे प्रयोग मोजूच नयेत, अशी सूचना या क्षेत्रातल्याच अभ्यासकांनी २००५ साली केली होती. ती पाळण्याची सक्ती कोणी केली नाही.

हळदीतल्या कर्क्युमिनचं उदाहरण घ्या. काचेच्या नळीत ते जवळजवळ प्रत्येक चाचणीत काहीतरी करून दाखवतं. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांनी त्यावरचा मोठा आढावा घेतला. त्यातून निघालं ते असं: हा रेणू अस्थिर आहे, शरीरात फारसा शोषला जात नाही आणि चाचण्यांच्या यंत्रणेतच ढवळाढवळ करून फसवे निकाल देऊ शकतो. हळदीवर राग धरण्याचं काहीच कारण नाही. पण इतकी वर्षं नळीतल्या निकालांवर खर्च झालेला पैसा माणसांवरच्या नेटक्या चाचण्यांना मिळाला असता, तर हळद कुठे उपयोगी आणि कुठे नाही, हे आज आम्हाला ठामपणे सांगता आलं असतं.

पूर्ण वाट चालली तर काय हाती लागतं, हेही जगानं पाहिलं आहे. १९६७ साली चीननं मलेरियावर औषध शोधण्याची मोहीम सुरू केली, आणि तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंच्या चमूनं जुने ग्रंथ उघडून शेकडो वनस्पती तपासल्या. चिंगहाव या वनस्पतीचे निकाल कधी चांगले, कधी वाईट येत. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात ती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नव्हतं. त्या एका तपशिलावरून तू यूयू यांनी ओळखलं की उष्णतेनं गुण मरत असावा. त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला. १९७१ मध्ये त्याच पद्धतीच्या १९१ क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांमधला मलेरिया पुरता घालवला. तो अर्क सुरक्षित आहे का, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आधी स्वतःवर तपासलं, मग रुग्णांवर. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, आणि २०१५ साली नोबेल. परंपरेचा इतका बारकाईनं आदर करणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. ग्रंथातलं वाक्य त्यांनी खरं मानलं, म्हणूनच ते तपासलं.

दुसरी तक्रार: मिश्रणांना कोणी वाली नाही

आपली औषधमंजुरीची सगळी व्यवस्था एका रेणूभोवती उभी आहे. एक रेणू, एक मात्रा, एक पेटंट. वनौषधी मात्र मुळात मिश्रण असते, आणि जंतूंशी लढताना कदाचित हीच तिची सगळ्यात मोलाची बाजू आहे.

दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत बर्बेरिन असतं. ते जंतूंना मारू शकतं, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्या पेशीच्या पटलातल्या पंपानं ते बाहेर फेकून देतो. २००० साली अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की ही झुडपं आणखी एक द्रव्य बनवतात. त्या द्रव्याला स्वतःला जंतू मारता येत नाही. ते फक्त तो पंप बंद पाडतं आणि मग बर्बेरिन आपलं काम करतं. दोन द्रव्यं वेगवेगळी तपासली असती तर एक दुबळं ठरलं असतं आणि दुसरं निकामी. आमच्या प्लेटांवर जे जंतू औषधांना दाद देत नाहीत, त्यातल्या अनेकांचं एक हत्यार असेच पंप असतात. म्हणजे वनस्पतींकडे आमच्या नेमक्या अडचणीवरचा विचार आधीच आहे. सर्पगंधेतलं रिसर्पिनही हा पंप रोखतं. पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला विषारी ठरते. कुठे दार उघडतं आणि कुठे बंद होतं, हे दोन्ही तपासल्यामुळेच कळलं.

दुसरा दाखला इंग्लंडचा. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या एका हस्तलिखितात डोळ्यांच्या संसर्गावरचं मलम आहे: लसूण, कांद्याच्या कुळातली आणखी एक वनस्पती, वाइन आणि बैलाचं पित्त, एकत्र करून नऊ रात्री ठेवायचं. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जुन्या भाषेच्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकांनी मिळून ते जसंच्या तसं बनवलं आणि २०१५ साली निकाल छापले. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस त्यानं प्रयोगशाळेत मारला. २०२० च्या पुढच्या अभ्यासात आणखी स्पष्ट झालं की चिकट थर करून राहणाऱ्या जंतूंवर हे मलम चालायचं तर सगळे घटक लागतात. एकट्या लसणातल्या अ‍ॅलिसिननं ते साधत नाही. असं मिश्रण मंजुरीपर्यंत न्यायचा खर्च कोण करणार? कोणत्याही कंपनीला त्यात नफा दिसणार नाही. नव्या रेणूंचीही तीच गत आहे: अमेरिकेतल्या अकेओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. बाजार पेटंटवाल्या प्रतिजैविकालाही जगवू शकत नसेल, तर हजार वर्षं जुन्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या मलमासाठी सार्वजनिक पैशाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.

तिसरी तक्रार: ‘नैसर्गिक औषधाला जंतू सरावत नाहीत’ हा समज आपण मोडून काढत नाही

ही तक्रार मला सर्वांत जास्त टोचते, कारण हे वाक्य मी सुशिक्षितांच्या तोंडून, अगदी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकते. पेनिसिलिन बुरशीतून आलं. ते नैसर्गिकच होतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितलं होतं की अपुरी मात्रा घेतली तर जंतू पेनिसिलिनला सरावतील. आर्टेमिसिनिनही वनस्पतीतूनच आलं. ते एकटंच दिलं जाऊ लागलं तेव्हा २००६ साली आपल्याच संघटनेनं कंपन्यांना तसं विकणं थांबवायला सांगितलं. तरी त्यानंतर दोन-तीन वर्षांतच पश्चिम कंबोडियात औषधाला उशिरा दाद देणारा मलेरिया नोंदला गेला, आणि पुढे रवांडा आणि युगांडातही अंशतः प्रतिरोध सिद्ध झाला. त्याच वनस्पतीचा काढा मलेरियावर घेऊ नये, त्यात औषधाचं प्रमाण अनिश्चित आणि अपुरं असतं, अशी आपली भूमिका आहे. ती अगदी बरोबर आहे. मग तोच नियम बाकीच्या संसर्गांवरच्या काढ्यांना का लागू होत नाही?

लसणाचंच पाहा. २०२० मध्ये संशोधकांनी लसणाच्या पाकळीवरूनच स्यूडोमोनास जातीचा एक जंतू वेगळा केला. तो अ‍ॅलिसिनला चांगलाच प्रतिरोध करणारा होता, आणि त्याची ती जनुकं ई. कोलायमध्ये घातल्यावर ई. कोलायही अ‍ॅलिसिन सोसू लागला. जंतू आणि वनस्पती यांचं हे युद्ध माणसाच्याही आधीपासून चालू आहे. जंतूंकडे उत्तरं तयार असणारच. मिश्रणाला सरावणं त्यांना कदाचित जड जाईल. पण तेही मोजायला हवं, गृहीत धरता येणार नाही.

चौथी तक्रार: अपाय नोंदलाच जात नाही

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी वनौषधींच्या कॅप्सूल घेतलेल्या सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. एका वनस्पतीच्या जागी चुकून ईश्वरीच्या कुळातली दुसरी वनस्पती गेली होती. पुढे त्यातल्या काहींना मूत्रमार्गाचे कर्करोगही झाले. हे उघडकीला आलं, कारण एकाच ठिकाणचे रुग्ण एकाच रुग्णालयात जमा झाले. विखुरलेले रुग्ण कोण शोधणार? सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेसाठी घेतली जाणारी वनस्पती यकृतातली विकरं वाढवते आणि एचआयव्हीच्या काही औषधांची रक्तातली पातळी खाली आणते. हे २००० साली छापून आलं. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं लोह, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाहीत. ज्या चूर्णांत किंवा भस्मांत ही खनिजं असतात त्यांच्याबरोबर ती घेतली, तर जंतूंवर अपुरी मात्रा पडते, आणि रुग्णाला वाटतं की कोर्स नीट पूर्ण झाला.

आमच्याकडे नमुन्याबरोबर जो कागद येतो त्यावर आधी कोणतं प्रतिजैविक घेतलं, याला जागा असते. वनौषधीसाठी जागा नसते. आईच्याही कागदावर नव्हती.

चांगलं झालेलंही सांगते

हे पत्र वनौषधी देणाऱ्या वैद्यांविरुद्ध आहे असं कोणाला वाटू नये. प्रतिजैविकं वाचवण्यात त्यांचा सर्वांत मोठा हातभार प्रतिजैविक लागतच नाही अशा दुखण्यांत लागू शकतो. सर्दी, बराचसा खोकला, घशाची बरीच दुखणी विषाणूंची असतात आणि आपोआप बरी होतात. तरी त्यावर प्रतिजैविकं दिली जातात, कारण रुग्णाला काहीतरी घ्यायचं असतं आणि डॉक्टरांना काहीतरी द्यायचं असतं. ब्रिटनमधल्या २०१९ च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनी साध्या खोकल्यासाठी आधी मध सुचवला, एक वर्षाखालच्या बाळांना मात्र तो द्यायचा नाही या अटीसह. किती साधी सूचना! तिनं मधाला त्याची नेमकी जागा दिली, आणि प्रतिजैविकालाही.

क्रॅनबेरी या आंबट फळावरच्या ५० अभ्यासांचा, सुमारे ८,९०० लोकांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये आला. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये तो पुन्हा होण्याचा धोका सुमारे पाव हिश्शानं कमी झालेला दिसला. वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणच्या वयस्कांत मात्र फायदा दिसला नाही. झालेला संसर्ग बरा करण्याचा दावा त्यात नाही. वनौषधीला हवं ते असं उत्तर: कोणाला उपयोग, कशासाठी, आणि कुठवर.

सर्वांत जास्त शिकवणारी चाचणी मला जर्मनीतली वाटते. साधा लघवीचा संसर्ग झालेल्या ३९८ स्त्रियांपैकी काहींना बेअरबेरीच्या पानांचा अर्क दिला, काहींना फॉस्फोमायसिन हे प्रतिजैविक. अर्क घेणाऱ्या गटात गरज पडली तरच पुढे प्रतिजैविक द्यायचं ठरलं होतं. २०२१ साली निकाल आला. अर्काच्या गटात प्रतिजैविकांचे कोर्स सुमारे ६४ टक्क्यांनी कमी लागले. पण त्या स्त्रियांना त्रास जास्त सोसावा लागला, आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग जाण्याचे प्रसंग प्रतिजैविकाच्या गटात २ होते, तर अर्काच्या गटात ८. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. माझ्या आईला हेच सांगायला हवं होतं: काही दिवस वाट पाहता येते, त्याची ही किंमत आहे, आणि थंडीताप किंवा कमरेत कळ आली तर क्षणभरही थांबायचं नाही. मग निर्णय तिचा असता, पुरती माहिती हातात घेऊन केलेला.

गंभीर आजारातही अशी चाचणी होऊ शकते. चीनमध्ये रक्तातल्या संसर्गानं अत्यवस्थ झालेल्या १,८१७ रुग्णांवर करडईच्या फुलांसह पाच वनस्पतींपासून केलेलं इंजेक्शन नेहमीच्या उपचारांबरोबर देऊन पाहिलं. २०२३ मध्ये छापलेल्या निकालात २८ दिवसांतले मृत्यू १८.८ टक्के होते. औषध म्हणून नुसतं सलाइन दिलेल्या गटात २६.१ टक्के. हे दुसऱ्या देशांत, दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा करून पाहायला हवं. ते कोण करणार आहे, हे मी आपल्याला विचारते आहे.

मागण्या

१. संसर्गावरच्या वनौषधींच्या माणसांवरील चाचण्यांसाठी स्वतंत्र सार्वजनिक निधी उभारावा. सुरुवात लघवीचा साधा संसर्ग, खोकला, वरवरच्या जखमा अशा दुखण्यांपासून करावी. प्रत्येक चाचणीत प्रकृती बिघडताच प्रतिजैविक देण्याची सोय असावी. आणि निकाल विरुद्ध गेला तरी तो छापणं बंधनकारक असावं.

२. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांसाठी किमान निकष जाहीर करावेत: वनस्पतीची खात्रीशीर ओळख, अर्कातल्या द्रव्यांचं मोजमाप, वाढ रोखणारी किमान मात्रा, मानवी पेशींवरची विषारकता, आणि जंतू सरावतो का याची चाचणी. हे नसलेल्या निबंधावर कोणत्याही औषधाचा दावा उभा राहू देऊ नये.

३. माणसांवरच्या चाचणीशिवाय कोणत्याही वनौषधीवर ‘जंतुनाशक’ किंवा ‘संसर्ग बरा करते’ असं छापायला बंदी असावी. प्रत्येक घटकाचं प्रमाण, कोणत्या औषधांबरोबर घेऊ नये आणि कोणती लक्षणं दिसताच डॉक्टरांकडे जावं, हे लेबलवर असावं. ‘दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य तर आजच काढून टाकावं.

४. प्रतिरोधावर नजर ठेवणारी ‘ग्लास’ ही आपली यंत्रणा २०१५ पासून आहे, आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींचा आपला जागतिक कार्यक्रम १९६८ पासून. दोन्हींत वनौषधीचा रकाना ठळकपणे असावा आणि तो भरला जातो की नाही, हे दर वर्षी जाहीर व्हावं. वैद्यांनाही अपाय नोंदवण्याचा हक्क आणि सोपा मार्ग मिळावा.

५. ज्या समाजांनी हे ज्ञान जपलं त्यांचा वाटा आधी ठरावा, संशोधन नंतर सुरू व्हावं. जनुकीय संपदेच्या लाभाची न्याय्य वाटणी सांगणारा नागोया करार २०१४ पासून अमलात आहे, आणि जनुकीय संपदा व पारंपरिक ज्ञानावरचा नवा आंतरराष्ट्रीय करार मे २०२४ मध्ये स्वीकारला गेला आहे. प्रत्येक चाचणीच्या मंजुरीत त्यांचं पालन तपासावं. वनस्पती जंगलातून ओरबाडल्या जाणार नाहीत हेही बघावं. गोल्डनसील या अमेरिकन वनौषधीला १९९७ साली आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाखाली आणावं लागलं होतं.

६. जनावरांच्या खाद्यात प्रतिजैविकांऐवजी दिल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य तेलांनाही हेच सगळे निकष लावावेत.

७. प्रतिरोधावरचा २०१५ चा जागतिक कृती आराखडा २०२६ पर्यंत सुधारावा, असं आपण जाहीरनाम्यात म्हटलं आहे. त्यात वनौषधींवर स्वतंत्र प्रकरण असावं, आणि ते पारंपरिक वैद्यकाच्या धोरणाची जबाबदारी असलेल्या विभागाबरोबर बसून लिहिलं जावं. वरच्या सहा मागण्यांपैकी कोणती कोणत्या विभागाकडे जाईल, हे त्या प्रकरणात नावानिशी असावं.

यातली कोणती मागणी आपण स्वीकारता, कोणती नाही आणि का नाही, याचं लेखी उत्तर आपण जाहीरपणे द्यावं, अशी माझी विनंती आहे. निकष ठरवण्याच्या कामात माझ्यासारख्या प्रयोगशाळेतल्या माणसांची गरज वाटली तर बोलवा. आमच्याकडे जंतूही आहेत, चकत्याही आहेत आणि काम करायची तयारीही आहे.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतली एक कर्मचारी